तटबंदीच्या आत एक रात्र: सोलापूरकरांसाठी विजापूरच्या स्वस्त मुक्कामाची आखणी

सोलापुरात विजापूर वेस आहे, विजापूर रोड आहे आणि खुद्द विजापूर जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. म्हणूनच की काय, आपण तिथे मुक्काम करत नाही. सकाळी आठला निघायचं, दहा-साडेदहाला गोल घुमटावर पोचायचं, शाळेच्या सहलींच्या आरडाओरड्यात घुमट बघायचा, भर उन्हात इब्राहिम रोझा उरकायचा आणि दिवेलागणीला घरी. मीही लहानपणापासून विजापूर असंच पाहत आले. तिथे पहिल्यांदा रात्र काढली तेव्हा कळलं की या गावाच्या सगळ्यात चांगल्या वेळा दोन: सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात. एका दिवसाच्या सहलीत नेमक्या याच दोन्ही हातच्या जातात.

मुक्काम म्हटला की खर्च डोळ्यांसमोर येतो. पण नीट आखणी केली तर चार-पाच माणसांचं कुटुंब बेताच्या पैशात एक रात्र सहज राहू शकतं. ती आखणी कशी करायची, ते इथे क्रमाने सांगते.

आधी गावाचा नकाशा डोक्यात बसवा

खोली शोधण्याआधी हे काम करा, कारण स्वस्त काय आणि महाग काय हे इथे जागेवर ठरतं.

विजापूर हे तटबंदीचं शहर. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, 1565 च्या सुमारास, पूर्ण झालेला हा तट घेराने साधारण दहा किलोमीटर आहे. बाहेरून खंदक, मध्ये मध्ये बुरूज आणि चहूकडे दरवाजे: पश्चिमेला मक्का दरवाजा, उत्तरेला बहामनी दरवाजा, दक्षिणेकडे फतेह दरवाजा. या मोठ्या वर्तुळाच्या पोटात आणखी एक छोटा बालेकिल्ला आहे, त्याला अर्क किल्ला म्हणतात. गगन महाल, आनंद महाल, सात मजली ही राजवाड्यांची मंडळी तिथे.

पाहण्याच्या जागा दोन टोकांना आहेत हे लक्षात घ्या. पूर्वेच्या टोकाला गोल घुमट आणि त्याच्या पलीकडे रेल्वे स्टेशन. पश्चिमेच्या टोकाला मुलूख-ए-मैदान तोफ, उपली बुरूज, आणि तटाच्या बाहेर इब्राहिम रोझा. दोन टोकांमध्ये अंतर साधारण चार किलोमीटर. मधोमध गांधी चौक, बाजारपेठ आणि बारा कमान. स्टेशनपासून गांधी चौकाकडे येणाऱ्या रस्त्यावर बरीचशी लॉज आणि मध्यम दर्जाची हॉटेलं आहेत. बस स्टँड अर्क किल्ल्याच्या नैऋत्येला.

म्हणजे गोल घुमट ते गांधी चौक या पट्ट्यात खोली मिळाली, तर पहाटे चालत घुमटावर जाता येतं आणि रात्री चालत जेवायला जाता येतं. रिक्षा लागते ती फक्त एकदा, पश्चिमेकडच्या फेरीला.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. आमच्या पहिल्या मुक्कामाला मी मोबाइलवर सगळ्यात कमी भाड्याची खोली बुक केली. ‘गोल घुमटाजवळ’ असं तिथे लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात लॉज निघालं बायपासला, शहराच्या पार बाहेर. खोलीत तीनशे रुपये वाचवले आणि दोन दिवसांत रिक्षाला त्याहून जास्त घातले. पहाटे तिथे रिक्षाही मिळेना. शेवटी नऊ वाजता घुमटावर पोचलो, तेव्हा आत चार बसभर मुलं एकाच वेळी ओरडत होती. ज्यासाठी मुक्काम केला तेच गेलं.

तेव्हापासून नियम एकच: फोटो, चादरी आणि भाडं नंतर बघायचं, आधी खोलीचा ठिकाणा नकाशावर टाकून गोल घुमटापर्यंतचं चालत अंतर बघायचं. वीस मिनिटांच्या वर गेलं की ती खोली सोडून द्यायची.

तारीख ठरवताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण डिसेंबर-जानेवारीत सहलींची गर्दी असते. संक्रांतीचे दिवस तर टाळाच. आपल्याकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते त्याच सुमारास विजापुरातही सिद्धेश्वरांची जत्रा भरते, आणि खोल्या मिळणं कठीण होतं. एप्रिल-मेबद्दल सोलापूरकराला वेगळं काय सांगायचं! ऊन आपल्यासारखंच, शिवाय दगडी फरशीवर अनवाणी चालायचं.

माझी आवड विचाराल तर जुलै ते सप्टेंबर. पाऊस तिकडेही आपल्यासारखाच बेताचा, आभाळ झाकलेलं, गर्दी कमी, आणि भाड्यात घासाघीस करायला वाव.

वार निवडताना दोन गोष्टी बघा. शुक्रवारी गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातलं संग्रहालय बंद असतं, आणि जामा मशिदीत दुपारी नमाज असल्याने तेव्हा पाहायला जाणं बरं नव्हे. शनिवारी रात्री खोल्या भरलेल्या असतात. म्हणून रविवारी दुपारी पोचायचं आणि सोमवारी परतायचं. रविवारी संध्याकाळी बाहेरगावची माणसं खोल्या सोडून निघालेली असतात, त्यामुळे तीच खोली कमी भाड्यात मिळू शकते. सोमवारची एक रजा टाकावी लागते, पण ती टाकण्यासारखी आहे. पंचांगात लग्नाची तिथी नाही ना, एवढं मात्र पाहून घ्या. दाट तिथी असली की वऱ्हाड अख्खं लॉज घेऊन बसतं.

खोली शोधणं

मोबाइलवर शोधताना गावाच्या नावाचा घोळ होतो. 2014 पासून गावाचं अधिकृत नाव विजयपुरा आहे. नुसतं ‘विजापूर’ टाकलंत तर आपल्याच विजापूर रोडवरची सोलापुरातली हॉटेलं पुढ्यात येतात. ‘विजयपुरा’ टाकलंत तर बेंगळुरूजवळही त्याच नावाचं एक गाव आहे. म्हणून नावाबरोबर ‘गोल घुमट’ टाकून शोधा आणि नकाशा उघडून खात्री करा. रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनचा जुना कोड बीजेपी टाकला की घोळ होत नाही.

राहायच्या जागा ढोबळपणे तीन प्रकारच्या. पहिली म्हणजे साधी लॉज: पलंग, पंखा, बाथरूम, बस्स. दुसरी खाली रेस्टॉरंट आणि वर खोल्या असलेली मध्यम हॉटेलं, जिथे एसी आणि बिनएसी दोन्ही मिळतं. तिसरी जागा म्हणजे कर्नाटक पर्यटन महामंडळाचं ‘मयूरा आदिलशाही’. ते आनंद महालाच्या रस्त्यावर, अर्क किल्ल्याच्या परिसरात आहे. गगन महाल तिथून चालत जाण्याइतका जवळ. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर आधी तिथे चौकशी करा, कारण आवार मोकळं आहे. बुकिंग महामंडळाच्या संकेतस्थळावरून होतं.

दोन-तीन जागा निवडून झाल्या की थेट फोन करा. ॲपवरचं भाडं हा बोलण्याचा आरंभ असतो, शेवट नाही. मी बोलते ते साधारण असं:

“अण्णा, रविवारी एक रात्र खोली पाहिजे. दोन मोठे, दोन लहान, आणि एक आजी. डबल रूम आणि एक जादा गादी, एष्टु?”

“एसी का नॉन-एसी, अक्का?”

“नॉन-एसी. ॲपवर तुमचं भाडं बघितलंय. थेट तुमच्याकडेच घेतली तर किती करता? जीएसटी धरून सांगा.”

“जीएसटी धरून” हे शब्द विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून रोज साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला आहे, आधी तो 12 टक्के होता. म्हणजे 1,600 रुपयांच्या खोलीवर 80 रुपये, एकूण 1,680. कुणी अजूनही जुन्या दराने लावत असेल तर शांतपणे लक्षात आणून द्या. आणि ज्या लहान लॉजची जीएसटी नोंदणीच नाही, त्यांना कर लावता येत नाही. बिलावर नंबर नसेल तर करही नको.

त्यानंतर चार गोष्टी विचारायच्या. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं? हा प्रश्न फार महत्त्वाचा. चोवीस तासांचं असेल तर रविवारी दुपारी दोनला घेतलेली खोली सोमवारी दोनपर्यंत तुमची, म्हणजे पहाटे घुमट पाहून येऊन अंघोळ, नाश्ता, डुलकी सगळं होतं. बाराचं असेल तर खोली सोडल्यावर सामान तिथे ठेवू देतील का, ते आधीच ठरवून घ्या. दुसरं, गरम पाणी किती ते किती? कित्येक लॉजमध्ये ते सकाळी ठरावीक वेळेतच येतं, आणि आपण तर पहाटेच बाहेर पडणार. ‘बिसि नीरु’ एवढे दोन शब्द पाठ असले तरी काम भागतं. तिसरं, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. चौथं, पहाटे साडेपाचला दार उघडून देणारं कुणी असतं का. आमच्या एका मुक्कामात शटरच्या आत आम्ही आणि झोपलेला पोऱ्या, अशी अर्धा तास गंमत झाली होती.

भाषेची काळजी करू नका. मराठी, कन्नड आणि दखनी हिंदी यांचा जो मेळ आपल्याकडे बाजारात चालतो, तोच तिकडेही चालतो.

जायचं कसं

स्वस्तात जायचं तर बस किंवा रेल्वे. सोलापूर स्टँडवरून आपली एसटी आणि कर्नाटकची बस, दोन्ही मिळतात. दोन-अडीच तास लागतात. रस्ता राष्ट्रीय महामार्ग 52, टाकळीनंतर भीमा ओलांडली की कर्नाटक.

बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, पुढचं पूर्ण भाडं पडतं. कर्नाटकात बायकांना बस फुकट असते हे ऐकून बरीच मंडळी गृहीत धरून जातात, पण ती शक्ती योजना कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी आहे, तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. तेव्हा बजेटमध्ये पूर्ण तिकीट धरा.

रेल्वे होटगीवरून वळून जाते. भाडं कमी आणि स्टेशन गोल घुमटाच्या अगदी जवळ, हा मोठा फायदा. गाड्या मात्र मोजक्याच, म्हणून वेळापत्रक बघूनच ठरवा. स्वतःची गाडी असेल तर टोल धरा आणि लॉजला पार्किंग आहे का ते फोनवरच विचारा. स्टेशन रोडवरच्या जुन्या लॉजमध्ये गाडी रस्त्यावर लावावी लागते.

पिशवीत काय

प्रत्येक माणसाचं ओळखपत्र. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार काढून न्या, ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. जाड मोजे, कारण रोझ्याच्या चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात. कुलूप.

आणि सोलापुरी चादर. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आपल्याला नाही. स्वस्त खोलीत सगळं चालतं, अंगावरचं पांघरूण तेवढं चालत नाही. दोन चादरी घडी करून न्या, एक अंथरायला, एक घ्यायला. ॲपवर ज्यासाठी माणसं दोन-दोनशे रुपये जास्त मोजतात, त्यातलं निम्मं समाधान घरच्या चादरीत असतं.

सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ही दोन दिवस बिघडत नाहीत, दही कुठेही मिळतं, आणि पाच माणसांचं एक जेवण सुटतं.

खोली ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी खोली बघा. संकोच करू नका, तिथे सगळेच बघतात. पंखा लावा, नळ सोडा, फ्लश ओढा, दाराची कडी आतून लागते का बघा, खिडकीची जाळी फाटकी नाही ना बघा. रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर मागची मागा, स्टेशन रोडवर रात्री उशिरापर्यंत गाड्या चालतात. पसंत पडली की ठरलेलं भाडं, जादा गादी आणि चेकआउटची वेळ रजिस्टरवर किंवा पावतीवर लिहून घ्या.

पहिली संध्याकाळ, पश्चिमेकडे

साडेतीनला एक रिक्षा ठरवा. टांगेही दिसतात, मुलं असतील तर त्यांना मजा वाटते. ‘इब्राहिम रोझा, ताज बावडी, मुलूख-ए-मैदान, उपली बुरूज, आणि शेवटी बारा कमानपाशी सोडायचं’ असं एकदमच सांगून भाडं ठरवा. एकेक ठिकाण सुटं करत गेलात तर जवळजवळ दुप्पट लागतं.

आधी सगळ्यात लांबचा इब्राहिम रोझा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर आणि समोर मशीद, मलिक संदलने उभारलेली. भिंतींवरची दगडातली अक्षरं तिरक्या उन्हातच उठून दिसतात, दुपारी बाराला ती सपाट वाटतात. तिकीट 25 रुपये, पुरातत्त्व खात्याच्या ऑनलाइन तिकिटात 20. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. गोल घुमटालाही हाच दर. म्हणजे तीन मोठ्यांचे दोन्ही ठिकाणचे मिळून 150 रुपये, ऑनलाइन 120. बाकीच्या बहुतेक वास्तूंना तिकीट नाही.

परतताना मक्का दरवाजाजवळची ताज बावडी आणि मग शेरझा बुरुजावरची मुलूख-ए-मैदान. अहमदनगरला 1549 मध्ये ओतलेली ही 55 टनांची तोफ. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती. 1854 साली ही तोफ लिलावात अवघ्या दीडशे रुपयांना गेली होती. एका अधिकाऱ्याने तो लिलाव रद्द केला म्हणून आज ती आपल्याला दिसते. याच बुरुजावर उभं राहिलं की तट उजवी-डावीकडे लांबवर पसरलेला दिसतो. आपण खरोखर एका कोटाच्या आत राहायला आलो आहोत, हे इथे कळतं. सूर्य मावळताना उपली बुरूज चढा. पायऱ्या बाहेरून वळत जातात, कठडा बेताचा, मुलांचा हात धरा.

या शहराशी सोलापूरचं नातं जुनं आहे, मुलांना ते इथेच सांगावं. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात आपल्या भुईकोटावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी पहिल्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूर आंदण दिलं. ज्या अलीने हा तट बांधला, त्याच्या घरात आपलं गाव लग्नात आलं होतं.

बारा कमानीच्या अर्धवट कमानी संध्याछायेत पाहून चालत गांधी चौकात या. जेवायला खानावळ शोधा. ज्वारीची रोटी, एखादी उसळ, भरलं वांगं, शेंगाचा कूट, ताक. ‘अनलिमिटेड’ ताट आहे का विचारा, आणि मुलांसाठी वेगळं ताट लागेल की सुटी रोटी घेता येईल तेही.

पहाटे गोल घुमट

साडेपाचला उठा. घुमट सहाला उघडतो. संग्रहालय उशिरा उघडतं, त्याची चिंता करू नका.

ही महंमद आदिलशहाची कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास जवळजवळ 44 मीटर, आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी हे सगळं वजन पेललं आहे. चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे, त्यांतून जिने वर जातात. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. सासूबाई गुडघ्यांमुळे खालीच चौथऱ्यावर बसल्या आणि तिथेच त्यांनी जपाची माळ काढली.

वर सज्जात पोचलो तेव्हा आमच्याशिवाय फक्त झाडू मारणारा एक माणूस होता. धाकटी पळत पलीकडे गेली, मी इकडे भिंतीला कान लावून बसले. बराच वेळ काही नाही. मग माझ्या अगदी कानाशी करकर करकर आवाज आला. दचकून मान वळवली तर शेजारी कुणी नाही. पलीकडे, पार समोरच्या टोकाला, ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती. त्यानंतर तिने भिंतीला तोंड लावून हळूच “आई, भूक लागली” म्हटलं, तेही शब्दन् शब्द. एकदा टाळी वाजवली, तर ती सात-आठ वेळा परत आली.

साडेसातच्या सुमाराला पहिली सहल आली आणि हे सगळं संपलं. म्हणून म्हणते, लॉज चालत जाण्याइतकं जवळ हवं.

दुसरा दिवस उरकताना

परत येऊन अंघोळ, इडली-वडा किंवा घरची भाकरी-दही, आणि चेकआउट. सामान काउंटरवर ठेवून चालत जामा मशीद आणि तिथून गगन महाल. गगन महालाची मधली प्रचंड कमान बघा. 1686 मध्ये शेवटचा सुलतान सिकंदर याच महालात औरंगजेबापुढे चांदीच्या बेड्यांत उभा राहिला, असं सांगतात. इथली बाग सावलीची आहे, सासूबाईंसारख्यांना बसवून बाकीच्यांनी आनंद महाल, सात मजली पाहून यावं.

हिशेब रात्रीच वहीत पाच ओळींत मांडा: प्रवास, खोली, रिक्षा, जेवण, तिकिटं. यात वास्तूंची तिकिटं सगळ्यात कमी आणि खोली सगळ्यात जास्त भरते. त्यामुळे काटछाट करायची तर एसी सोडा, जादा गादी घ्या, एक जेवण डब्यातलं करा. जागा मात्र बदलू नका.

परतीची बस तीन-साडेतीनची धरा. स्टँडवर सोलापूरच्या फलाटापाशी पाटी कन्नडमध्ये असते, तेव्हा कंडक्टरला विचारूनच चढा, आणि थांबे घेणारी की थेट जाणारी तेही विचारा. उतरताना चादरी मोजून घ्या, आमची एक तिथेच राहिली होती.